शिमग्यात फुटलेली वाडी पुन्हा एकत्र कशी आणायची: पहिल्यांदाच मध्यस्थीला बसणाऱ्यांसाठी

ग्रामसभेत हात वर झाले नि तुम्ही तंटामुक्ती समितीवर गेलात, किंवा नवीनच सरपंच झालात, किंवा मुंबईची नोकरी संपवून गावाला येऊन राहिलात आणि "तुमचं दोन्हीकडे उठणं-बसणं आहे, तुम्हीच बघा काय ते" म्हणत गावाने भांडण तुमच्या पडवीत आणून ठेवलं, तर हे वाचा. कोकणातल्या भांडणांची कारणं तशी ठरलेलीच असतात हो. पालखी आधी कुणाच्या दारात, सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या जागी, मान कुणाचा, सामाईक सातबाऱ्यातल्या बागेचे आंबे कुणी काढले, गडगा हातभर पुढे कुणी सरकवला, पाणंद कुणी अडवली, आणि बंदरावरचं गाव असेल तर पर्ससीनवाले, म्हणजे यांत्रिक बोटीवरून मोठं जाळं गोल टाकून मासे ओढणारे, विरुद्ध पारंपरिक मच्छीमार. कारण ऐकून बाहेरचा माणूस हसतो, पण त्याच कारणावरून सख्खे शेजारी वर्षानुवर्षं एकमेकांच्या मयताला जात नाहीत.

आपल्याकडे मिटवायची घाई फार. पोलीस पाटील, चार मानकरी आणि मुंबई मंडळाचा एखादा पदाधिकारी बसतात, दोघांना हात मिळवायला लावतात, दंड ठोकतात, तो दंड देवस्थानात जमा होतो, नारळ फुटतो, चहा होतो आणि झालं. आता ज्याची आंब्याची कलमं तोडली त्याच्या हातात काय पडलं ते सांगा. काहीच नाही. उलट त्यालाच सगळे सांगतात की आता मोठ्या मनाने घे. मग पुढच्या शिमग्याला तेच भांडण दुप्पट जोरात वर येतं आणि लोक म्हणतात ह्या गावाला शापच आहे. शाप वगैरे काही नाही, ज्याचं नुकसान झालं त्याला कुणी विचारलंच नाही एवढंच. माझं म्हणणं इतकंच आहे की सुरुवात त्या माणसापासून करा, गावाला शांतता हवी ती त्यातून मागाहून येते.

ह्या पद्धतीला रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात, पुनर्स्थापक न्याय म्हणा हवं तर. १९७४ साली कॅनडातल्या ओंटारिओमध्ये एल्मिरा नावाच्या गावात दोन पोरांनी एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली, तेव्हा प्रोबेशन अधिकाऱ्याने जजला सुचवलं की ह्यांना त्या लोकांच्या दारात नेऊ, आणि खरंच ती पोरं दारोदार गेली, समोर उभी राहिली, नुकसान किती ते ऐकलं आणि काही महिन्यांत भरून दिलं. तिथून हे पसरलं. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात अल्पवयीन मुलांच्या गुन्ह्यांसाठी कुटुंबाची बैठकच आणली. विचार सगळीकडे साधारण तोच, नियम कुठला मोडला ह्याच्या आधी त्रास कुणाला झाला, त्याला आता काय हवंय आणि ते करून द्यायची जबाबदारी कुणाची, एवढं विचारायचं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू, गाव खरं नाही. वरची वाडी आणि खालची वाडी. पालखी खालच्या वाडीतली दोन घरं वगळून पुढे गेली, त्यावरून सहाणेपाशी बाचाबाची, मग धक्काबुक्की, खालच्या वाडीतल्या एकाचा हात मोडला. आठवड्याभराने रात्री वरच्या वाडीतल्या एकाच्या बागेतली हापूसची कोवळी कलमं कोयत्याने छाटलेली. पोलीस स्टेशनला दोन्हीकडून तक्रारी. आणि त्यानंतर कुणी काही न ठरवल्यासारखं दाखवत सुरू झालेला बहिष्कार, दुकानात सामान नाही, रिक्षा थांबत नाही, हळदीकुंकवाचं बोलावणं नाही.

आधी ठरवा, हे प्रकरण आपलं आहे का

सगळी भांडणं गोलात बसून सुटत नाहीत. बाईवर किंवा मुलांवर अत्याचार, घरातली मारहाण, जातीवरून शिवीगाळ किंवा हल्ला, खून किंवा खुनाचा प्रयत्न, असं काही असेल तर तुम्ही मध्यस्थी करायचीच नाही, पोलीस आणि कोर्ट. "गावाची अब्रू" हा शब्द जिथे जास्त ऐकू येतो तिथे तर दुप्पट सावध राहा. अॅट्रॉसिटी किंवा पोक्सोची केस गावाने मिटवली असं होत नसतं, उलट तक्रारदारावर दबाव आणला म्हणून तुम्हीच अडकाल.

दुसरं म्हणजे दोन बाजूंची ताकद बघा. एक बाजू दुसऱ्याच्या जमिनीवर, नोकरीवर, पाण्यावर अवलंबून असेल तर समोरासमोर बसवणं म्हणजे कमजोर माणसाला सगळ्यांदेखत मान डोलवायला लावणं. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षं खोतांच्या जमिनी न कसता संप चालवला होता, तिथे कुणी जाऊन "झालं गेलं विसरा, हात मिळवा" म्हणाला असता तर त्याला काय अर्थ होता? तिथे कायदाच बदलायला हवा होता आणि तो पुढे १९४९ च्या खोती निर्मूलनाच्या कायद्याने बदलला.

आणि तिसरं, तुम्ही स्वतः. तुमची बायको वरच्या वाडीतली, तुमच्या भावाची कलमं त्याच बागेच्या बांधाला, असं असेल तर तुम्ही नको. दुसऱ्या गावचा माणूस बघा. रवांडात वंशसंहारानंतर गावागावात गाचाचा नावाची न्यायालयं बसवली, २०१२ ला बंद होईपर्यंत अशी बारा हजारांच्या आसपास न्यायालयं होती आणि त्यांनी जवळपास १९ लाख प्रकरणं ऐकली. निवाडा करणारे गावातलेच, वकील नाहीत. गावातल्या माणसाला खरं काय ते माहीत असतं हा फायदा, पण त्याचे स्वतःचे हेवेदावे असतात आणि साक्षीदार त्याला घाबरतो हा तोटा. दोन्ही तिथे दिसलं. आपल्या गावकीत पण दोन्ही दिसतं.

कागद बघा, आणि मुदती बघा

हे कंटाळवाणं आहे पण करा. एफआयआर आहे का, कुठली कलमं लावलीत, चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखायच्या हमीसाठी पोलिसांनी केलेली कारवाई, झालीय का, सातबारा, देवस्थान ट्रस्ट रजिस्टर आहे का, मानपानाचा दावा कुठे चालू आहे का. मुदत कुठली चाललीय का हे खास बघा, कारण बोलणी चालू आहेत म्हणून लोक अर्ज करायचे थांबतात आणि मग बसतात कपाळाला हात लावून. पाणंद अडवली असेल तर मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. अर्ज टाकून ठेवा, बोलणी चालू द्या, दोन्ही एकदम चालतं.

घरी जा, एकेकाकडे, आणि गप्प बसा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खरं काम इथेच होतं, पुढची बैठक म्हणजे ह्याची शेवटची फेरी. नवीन माणूस हे टाळतो, त्याला वाटतं सगळ्यांना एकदम बसवलं की लवकर सुटेल, आणि मग बैठकीत पहिल्यांदाच कळतं की हात मोडला त्या माणसाला हाताचं दुःख कमीच आहे, तो पडला तेव्हा समोरची पोरं मोबाईलवर शूटिंग करत हसत होती आणि तो व्हिडिओ अजून मुंबईच्या ग्रुपवर फिरतोय हे त्याला झोंबलंय.

ज्याला मार बसला किंवा ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे आधी. फोन करून जा, अचानक नको, आणि पांढरे कपडे घालून चार माणसं घेऊन तर मुळीच नको. एकटे जा नाहीतर एक बाई एक पुरुष असे दोघं. चहा घ्या. मग विचारा, काय झालं, आणि थांबा. मध्ये "अरे पण तो पण..." हे वाक्य आलं की तुम्ही संपलात, तो माणूस परत मोकळा होणार नाही. नंतर विचारायचे प्रश्न सोपे आहेत. त्यानंतर घरात काय बदललं? सगळ्यात जास्त काय लागलं? आता काय झालं तर तुला बरं वाटेल? आणि समोर बसायची इच्छा आहे का, नसेल तरी चालेल. हे शेवटचं मनापासून म्हणा. नको म्हणाला तर नको, तुम्ही निरोप ने-आण करून पण पुष्कळ काम करू शकता. जबरदस्तीने बसवलेली बैठक ही बैठक नाहीच.

मग समोरची बाजू. इथे एक अडचण येते, कलमं कुणी तोडली हे गावाला माहीत असतं पण कुणी सांगत नाही. ज्याच्यावर बोट आहे त्याने "मी केलं" असं किमान तुमच्याजवळ तरी मान्य केलेलं नसेल तर समोरासमोर बैठक घेऊ नका, तिथे फक्त पुरावे-उलटपुरावे होतील आणि ते कोर्टाचं काम आहे. त्याच्यावर केस चालू असेल तर त्याला स्पष्ट सांगा, आधी वकिलाशी बोल. आणि तुम्ही त्याच्याकडून कबुलीचा कागद लिहून घेऊ नका, उद्या तो कागद त्याच्याच विरुद्ध कोर्टात दाखवला जाऊ शकतो, मग पुढे गावात कुणी तोंड उघडणार नाही. तोंडी पुरे.

दोघांनाही विचारा, तुझ्या बाजूने कोण येऊन बसलं तर तुला धीर येईल. मामा, मोठी बहीण, शाळेतले जुने सर. पुढारी नको. पुढारी आला की तो भाषण करतो.

गावकीत जे बसत नाहीत त्यांना कुठे ऐकायचं

बऱ्याच गावकीत बायका बसत नाहीत, आणि बहिष्काराचा खरा मार त्यांच्यावर असतो. विहिरीवर कोण बोलत नाही, बचत गटाचा हप्ता कुणी घ्यायला नकार दिला, पोरीशी शाळेच्या वाटेवर कोण चालत नाही, हे पुरुषांना अर्धं पण माहीत नसतं. म्हणून बचत गटाच्या मीटिंगच्या दिवशी जा किंवा तुमच्या समितीतल्या बाईला पाठवा. तिथे निघालेलं मग बैठकीत आलं पाहिजे, बोलणारीने स्वतः यावं हे उत्तम. एका बाईला वीस पुरुषांत बसवू नका, किमान तीन-चार जणी तरी असू द्या.

तसंच वाडीत नवीन येऊन राहिलेली घरं, सुनांची माहेरची माणसं, बागेत राखणीला असलेले नेपाळी गडी. कलमं तुटली त्या रात्री राखण्यावरच संशय घेऊन त्याला मारलं असेल तर तो पण नुकसान झालेल्यांतलाच एक आहे, त्याला विसरलात तर काम अर्धवट.

चाकरमानी

हा वेगळा विषय आहे आणि अवघड. गावातले दोघं एव्हाना थकून मिटवायला तयार असतात पण मुंबईत बसलेल्यांना तेज चढलेलं असतं, कारण त्यांना रोज त्या दुकानात जायचं नसतं. तुम्ही मुंबई मंडळाच्या दोन्ही गटांतल्या एकेकाला आधी फोन करा, बैठकीची तारीख सांगा, यायचं तर या म्हणा, पण स्पीकरवर फोन लावून बैठकीत मुंबईवाल्याला बोलू द्यायचं नाही हे आधीच ठरवा. आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर ह्या विषयावर मेसेज बंद, अॅडमिनला तेवढं सांगा. तो व्हिडिओ पण काढून टाकायला लावा, प्रत्येकाच्या फोनमधून निघेल असं नाही पण ग्रुपवरून तरी जाऊ दे.

कधी आणि कुठे

आंब्याच्या सीझनला नको, लावणीत नको, शिमग्याच्या तोंडावर तर अजिबात नको कारण तेव्हा सगळ्यांच्या अंगात आलेलं असतं. भातकापणी झाली की दिवाळीनंतर ते माघापर्यंत बरा काळ. गणपतीत मुंबईची माणसं येतात म्हणून तेव्हा उरकायचा मोह होतो, पण तेव्हा कुणाला वेळ नसतो, तेव्हा फक्त एकेकाला भेटून घ्या.

जागा दोघांपैकी कुणाची नको. भांडण पालखीचं असेल तर देवळात आणि सहाणेवरही नको, तिथे कोण कुठे बसायचं हाच तर वाद आहे. शाळेचा वर्ग किंवा ग्रामपंचायतीचं सभागृह बरं. सगळे सतरंजीवर नाहीतर सगळे खुर्चीवर, गोल करून, मध्ये टेबल नाही. सकाळी घ्या. संध्याकाळी घेतली तर कुणीतरी घेऊन येतोच, आणि मी काय घेऊन म्हणतेय ते तुम्हाला कळलं.

देवाला कौल लावून निर्णय घेऊ असं कुणीतरी नक्की म्हणणार. श्रद्धेचा मान ठेवा, सुरुवातीला गाऱ्हाणं घालायचं असेल आणि दोघांना चालत असेल तर घाला, पण कुणाचं किती नुकसान झालं आणि ते कसं भरायचं हे कौलावर सोडू नका. तसंच देवाच्या शपथा घालायला लावू नका. शपथेला घाबरून माणूस हो म्हणतो आणि मग ते पाळत नाही.

बैठक

माणसं पंधरा-वीसच्या वर नको. बघ्यांना बाहेर. मोबाईल पिशवीत. तुम्ही नियम सांगा, एका वेळी एक जण, शिवी नाही, जुनी पिढीजात उणीदुणी नाहीत, कुणालाही उठून बाहेर जायचं स्वातंत्र्य आहे, आणि मी निकाल देणार नाही. हे शेवटचं दोनदा सांगा कारण कुणाचा विश्वास बसत नाही, सगळे तुमच्याकडे बघूनच बोलतात. तुम्ही हळूच म्हणायचं, माझ्याकडे नको, त्याच्याकडे बघून सांग.

पहिलं कोण बोलणार हे नुकसान झालेल्याला आधी विचारून ठेवा. मला स्वतःला असं बरं वाटतं की ज्याने केलं त्याने आधी काय झालं ते सांगावं, म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याला सिद्ध करत बसावं लागत नाही. त्याला विचारा, काय झालं, तेव्हा डोक्यात काय चाललं होतं, नंतर काय वाटलं, आणि ह्याचा त्रास कुणाकुणाला झाला असं तुला वाटतं. "का केलंस" असं विचारू नका, त्यावर माणूस कारणं सांगत सुटतो. मग ज्याचं नुकसान झालं तो, मग घरचे, मग वाडीतले. आपल्या उदाहरणात दोन नुकसानं आहेत, हात आणि कलमं, आणि वगळलेली ती दोन घरं तिसरं. एकेक वेगळं घ्या. "त्याने हात मोडला म्हणून ह्याने कलमं तोडली, फिट्टंफाट" असा हिशोब कुणीतरी मांडेल, तो चालू देऊ नका, कारण हात मोडणारा आणि कलमांचा मालक ही बहुतेक वेळा वेगवेगळी माणसं असतात.

मध्ये शांतता पसरते. नवीन मध्यस्थाला ती सहन होत नाही, तो काहीतरी बोलून भरतो. बोलू नका.

माफी मागायला लावू नका. आपल्याकडे पोराला मानेला धरून पायावर घालायची पद्धत आहे, त्याने पोराच्या मनात फक्त अपमान राहतो. माफी आपणहून आली तर ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे की कशाची, "मी कोयता घेऊन रात्री तुझ्या बागेत शिरलो आणि कलमं छाटली" इथपर्यंत ती आली पाहिजे. आणि समोरच्याने लगेच माफ केलंच पाहिजे असं नाही. "ऐकलं, मला वेळ लागेल" हे पूर्ण उत्तर आहे.

चिडून कुणी उठला तर अडवू नका, त्याच्या बाजूच्या माणसाला पाठवा, दहा मिनिटं चहा करा. त्या दिवशी नाही झालं तर परत बसा.

भरपाई, म्हणजे नेमकं काय

इथे गावं सगळ्यात कमी डोकं चालवतात आणि थेट रुपयांवर येतात. रुपये लागतातच, हाताच्या प्लेटचा खर्च, एक्स-रे, बुडालेली मजुरी, बिलं घेऊन बसा. पण कलमांचं बघा, नवीन कलम आज लावलं तर त्याला नीट उत्पन्न यायला पाच-सहा वर्षं तरी जातात आणि पहिले उन्हाळे पाणी नाही मिळालं तर ते मरतं. म्हणजे रोपांचे पैसे टाकले की झालं असं नाही. खड्डे कोण मारणार, दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, मेलेल्याच्या जागी दुसरं कोण लावणार, गुरांपासून कुंपण कोण करणार, हे लिहा. आणि ज्याने तोडली त्याला त्या बागेत पाणी घालायला येऊ द्यायला मालक तयार आहे का हे त्यालाच विचारा. काही जण म्हणतात माझ्या बागेत पाऊल नको, मग त्याने दुसऱ्या माणसाची मजुरी द्यावी. हात मोडलेल्याची लावणी बुडणार असेल तर समोरच्या घरातल्या दोघांनी त्याच्या शेतात लावणीला जायचं.

आणि भरपाई आधी, जेवण-बिवण नंतर. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदानंतर डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग बसला, १९९६ पासून सुनावण्या झाल्या, खरं सांगणाऱ्या गुन्हेगारांना आयोगाची समिती थेट माफी देऊ शकत होती. पण पीडितांना एकरकमी ३०,००० रँड द्यायचं सरकारने जाहीर केलं ते २००३ मध्ये, आयोगाने सुचवल्यापेक्षा कितीतरी कमी, आणि त्याची चीड तिथल्या लोकांच्या मनात अजून आहे. जगभर ज्याचं कौतुक झालं तिथे सुद्धा हे झालं, आपली वाडी तर काय.

देवस्थानात दंड भरायचाच असेल तर भरा, पण तो भरपाईच्या रकमेतून कापायचा नाही.

पालखीचं थोडं वेगळं असतं. मानाचा हक्क कुणाचा हे तुमच्या बैठकीने ठरत नाही, तो दिवाणी कोर्ट किंवा धर्मादाय आयुक्तांचा विषय. तुम्ही फक्त वहिवाट ठरवू शकता, ह्या वर्षी पालखी कुठून निघेल, कुठली घरं, कुठल्या क्रमाने, किती वेळ. आळीपाळीने उलटसुलट क्रम चालतो का ते विचारा. कागदात एक ओळ टाका की ह्या ठरावामुळे कोर्टात चालू असलेल्या दाव्यातला कुणाचा हक्क सोडला असं समजू नये, ती ओळ असली की दोन्ही बाजू सही करायला धजावतात. बंदरावरच्या वादात पण मर्यादा ओळखा, पर्ससीनवर २०१६ पासून राज्याची बंधनं आहेत, एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी आहे, तिथे "तुम्ही अमुक दिवस करा आम्ही बघत नाही" असा समझोता तुम्हाला लिहिता येत नाही. जाळी फाडल्याची भरपाई, बंदरावर होडी लावायची जागा, मारामारीनंतरची बोलाचाली, हे तुमचं.

लिहून काढा आणि कायद्यात बसवा

साधं मराठी, एक-दोन पानं. कोण, काय, कधीपर्यंत, कुणी बघायचं. सगळ्यांना प्रत. "यापुढे गुण्यागोविंदाने राहू" हे वाक्य घातलं तरी चालतं, फक्त त्याच्यावर विसंबू नका.

केस चालू असेल तर तुमच्या कागदाने ती आपोआप बंद होत नाही, हा गैरसमज फार आहे. कुठल्या गुन्ह्यात तडजोड करता येते ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. साधी मारहाण फिर्यादी स्वतः मिटवू शकतो, हाड मोडलं की ती गंभीर दुखापत, त्याला कोर्टाची परवानगी लागते, हत्यार वापरलं असेल तर चित्र बदलतं, आणि दंगलीचं कलम लागलं असेल तर ते असं मिटत नाही, हायकोर्टात जावं लागतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना त्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबईची फेरी वाचली. दिवाणी दावा किंवा तडजोडीची केस लोकअदालतीत नेली तर तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. तालुका विधी सेवा समिती कोर्टातच असते, हेल्पलाईन १५१००. बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं प्रकरणच आहे, तिघांचं पॅनल वगैरे, तुमच्या तालुक्यात त्याखाली काय चालू आहे ते तिथेच विचारा. तंटामुक्त गाव मोहीम तर १५ ऑगस्ट २००७ पासूनची, तिच्यात मिटवलेल्या तंट्यांवर मार्क आणि मार्कांवर बक्षीस, त्यामुळे आकडा वाढवायचा मोह होतो, तो टाळा.

बहिष्कार उठवणं हे वेगळं कलम लिहा

नुकसान भरून दिलं, सह्या झाल्या, पण वाळीत टाकणं तसंच चालू, असं खूपदा होतं कारण ते कुणी केलं हे कुणी मान्यच करत नाही. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार बंदी कायदा २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू. दुकान, विहीर, देऊळ, लग्न, अंत्यसंस्कार, धंदा, ह्यातून कुणाला तोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे गावकीला शांतपणे वाचून दाखवा, धमकी म्हणून नको. रायगड-रत्नागिरीतल्या अशा केसेस पेपरात येऊन गेल्यात, त्यामुळे लोकांना माहीत असतं, फक्त आपल्याला लागू आहे असं वाटत नसतं.

आणि मग कागदात ठोस लिहा. अमुक तारखेपासून दुकान दोन्ही वाड्यांना उघडं. रिक्षा सगळ्यांसाठी थांबेल. पुढचं जे पहिलं कार्य असेल, लग्न, बारसं, बारावं, त्याला समोरच्या वाडीतल्या किमान पाच घरांतून माणूस जाईल. ऐकायला सरकारी वाटतं, पण पहिलं पाऊल कुणी टाकायचं ह्याच लाजेत वर्षं जातात, तारीख लिहिली की ती लाज निघते.

नंतर

पंधरा दिवसांनी एकदा, मग दोन महिन्यांनी, मग पावसाळ्याआधी कलमांना पाणी पडलं का ते बघायला स्वतः बागेत जा, फोनवर विचारू नका. कुणी शब्द मोडला तर आठ दिवसांत त्या दोघांनाच परत बसवा, आख्खा गाव नको. पैसे द्यायला जमत नाहीत असं असेल तर हप्ते करून घ्या. मुद्दाम टाळतोय असं दिसलं तर नुकसान झालेल्याला कोर्टाची वाट मोकळी आहे हे सांगा, त्याला थांबवून धरू नका.

समिती बदलली, तुम्ही मुंबईला मुलाकडे गेलात, तर कागदाची फाईल पुढच्याच्या हातात द्या, पोलीस पाटलांकडे एक प्रत असू दे. आणि फाल्गुन लागायच्या आधी दोन्ही वाड्यांतली चार-चार माणसं घेऊन पालखीच्या मार्गाने एकदा चालून या, यादी मोठ्याने वाचा, वर्षभरात कुणी भाऊ वेगळा झाला असेल किंवा नवीन घर बांधलं असेल तर ते घर यादीत कुठे येणार ते तिथेच रस्त्यावर ठरवून लिहून टाका.